जुन्या गाडीचा प्लग पुन्हा पुन्हा जातो? नवा घेण्याआधी हे तपासा

मृग लागला की गोव्यातल्या आमच्या डिचोली-साखळी भागात एक तक्रार हमखास कानावर येते. सकाळी स्कूटरला किक मारून मारून पाय भरून येतो, पण गाडी काही धरत नाही. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढावा तर काळाकुट्ट. पॉलिश पेपरनं घासून परत बसवला की गाडी एका किकमध्ये सुरू, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग नवा प्लग येतो, तोही महिनाभरात काळा पडतो. जुन्या कारवाल्यांची तऱ्हा थोडी वेगळी. गाडी सुरू होते, पण आयडलिंगला थरथरते, चढावर मिसिंग करते आणि पेट्रोल जास्त पिते.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल आहे: चेतक, एलएमएल, आरएक्स १००, जुन्या शंभर सीसी मोटारसायकली, मारुती ८००, ओम्नी. प्लग सतत जात असेल तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट असते. एक तर प्लगचा नंबरच त्या इंजिनाचा नसतो, नाहीतर दोष प्लगच्या बाहेर कुठे तरी असतो. नवा प्लग टाकला की दोन्ही गोष्टी थोडे दिवस झाकल्या जातात, म्हणून तर मूळ कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

नंबर कुठून घ्यायचा

काढलेला प्लग दुकानात नेऊन ‘असलाच द्या’ म्हणणं ही सगळ्यांची सवय. जुन्या गाडीला ती चालत नाही. गाडीचे तीन-चार मालक झालेले असतात आणि मधल्या कुणी तरी, कुठल्या तरी रात्री, जो मिळाला तो प्लग बसवलेला असतो. तोच पुढे ‘ह्या गाडीचा नंबर’ म्हणून चालत राहतो. म्हणून नंबर गाडीच्या पुस्तकातून घ्या. पुस्तक हरवलं असेल तर प्लग बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात. म्हापसा, फोंडा, मडगावच्या चांगल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मागितले तर दाखवतात. तक्त्यात मॉडेलबरोबर वर्षही पाहा. मारुती ८०० कार्बोरेटरचीही होती आणि नंतर एमपीएफआयचीही (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणारी) आली. दोन्हींना एकच प्लग आणि एकच गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) असेल असं धरून चालू नका.

नंबर हातात आला की तो वाचता आला पाहिजे. एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे. पी म्हणजे चिनीमातीचं नाक पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर (विजेला थोडा अडवणारा भाग) आहे. ६ हा उष्णतेचा आकडा, म्हणजे प्लगचं टोक लवकर निवतं (थंड प्लग) की तापलेलं राहतं (गरम प्लग) ते. ई म्हणजे आट्याचा भाग १९ मिलिमीटर लांब. एस म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा नेहमीचा प्लग. ई-च्या जागी एच असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. सुरुवातीला बी-ऐवजी सी असेल तर आटे १० मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांत बसतो तसला बारीक प्लग.

ह्यातली लांबी सर्वात आधी जुळवा, कारण तिथे चूक झाली तर नुसता प्लग जात नाही, इंजिन जातं. चेतकच्या हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला, जिथे प्लग बसतो) १२.७ मिलिमीटरचा आखूड प्लग लागतो. १९ मिलिमीटरवाला आट्यात तितक्याच सहज फिरतो, पण सहा मिलिमीटरहून जास्त आत घुसतो. पिस्टन त्याला आपटू शकतो. नाही आपटला तरी आत उघडे पडलेले आटे तापून लाल होतात, त्यांच्यावर कार्बन बसतो, आणि मग प्लग बाहेर काढताना हेडचे आटे घेऊनच येतो. उलट, लांब आट्याच्या हेडमध्ये आखूड प्लग बसवला तर ठिणगी खोबणीत पडते आणि रिकाम्या आट्यांत कार्बन भरतो. पुढे बरोबर नंबरचा प्लग आणला तरी तो शेवटपर्यंत बसत नाही.

आकडा तोच, अर्थ उलटा

सगळ्यात जास्त घोळ उष्णतेच्या आकड्यात होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. बॉशचा ७ साधारण एनजीकेच्या ६ च्या जागी येतो आणि बॉशचा ८ एनजीकेच्या ५ च्या जागी. डेन्सोचे आकडे वेगळ्याच मापाचे असतात. तिथे १६ म्हणजे एनजीकेचा ५, २० म्हणजे ६ आणि २२ म्हणजे ७. म्हणजे कुणी बॉशचा ८ काढून ‘आठच द्या’ म्हणत एनजीकेचा ८ आणला, तर प्लग तीन पायऱ्या थंड होतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो काळा पडणारच.

ह्यात आणखी एक गाठ आहे, ती खास जुन्या स्कूटरवाल्यांसाठी. मायको ह्या नावानं जे प्लग मिळायचे त्यांच्यावर पूर्वी १४५, १७५, २२५ असे तीन आकडी नंबर असत. मायको म्हणजेच मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. त्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग होता, नंतरच्या पद्धतीत हिशेब उलटला. १४५ म्हणजे आताचा ८, १७५ म्हणजे ७, २२५ म्हणजे ५. जुन्या दुकानाच्या फळीवर कधी कधी मायकोची पिवळी पडलेली पेटी अजून सापडते. माल चांगला असतो, घ्यायला हरकत नाही, पण हा हिशेब करूनच घ्या.

साखळीला आमच्या ओळखीच्या एका काकांची कार्बोरेटरवाली ८०० चढावर मिसिंग करायची. कार्बोरेटर साफ झाला, पेट्रोल फिल्टर बदलला, फरक शून्य. तीन प्लग काढून आम्ही पुठ्ठ्याला तीन भोकं पाडून त्यात ओळीनं उभे केले आणि खाली १, २, ३ लिहिलं. पहिला आणि तिसरा फिकट तपकिरी. मधला मात्र टोकापासून आट्यांपर्यंत मऊ, कोरड्या काजळीनं भरलेला, बोट लावलं तर बोट काळं. तिघांवरचा उष्णतेचा आकडा एकच होता, पण मधला दुसऱ्या कंपनीचा. कुणी तरी फक्त आकडा जुळवला होता. पुस्तकातल्या नंबरचे तीनही प्लग एकाच कंपनीचे घेतले, गॅप तपासून बसवले आणि मिसिंग थांबलं. कार्बोरेटरला हात लावायची गरजच नव्हती.

म्हणून कारचे प्लग नेहमी सगळे एकदम बदला. आणि काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा, नाहीतर पुढचं काहीच वाचता येणार नाही.

काढलेला प्लग काय सांगतो

प्लग वाचायचा तर गाडी एका वेगानं पंधरा-वीस मिनिटं चालवून, इंजिन बंद करून, थंड झाल्यावर काढा. दारात अर्धा तास आयडलिंगला ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. जुन्या पुस्तकांत दिलेले गडद रंग आता तसे दिसतही नाहीत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हापासून निरोगी प्लगचा रंग बराच फिकट दिसतो. राखाडी किंवा फिकट तपकिरी दिसला तर समाधान माना.

कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, किंवा ठिणगी अशक्त, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड. आपल्याकडे ह्यातलं पहिलं कारण आधी पाहा. पावसात ओढलेला चोक पूर्ण आत जात नाही, केबल गंजून अडकलेली असते. एअर फिल्टरची तर दैनाच असते. उसगाव, डिचोली, सांगेच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडा, आतली तांबडी धूळ पावसाच्या ओलाव्यानं लिंपल्यासारखी बसलेली दिसेल. असल्या फिल्टरमागे कुठलाही प्लग टिकणार नाही.

ओला आणि तेलकट प्लग ही वेगळी गोष्ट. फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. टू-स्ट्रोकमध्ये आधी टू-टी ऑइलचं (पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं) प्रमाण बघा. बहुतेक स्कूटरना लिटरला २० मिलि पुरतं, ‘इंजिनाला बरं’ म्हणून झाकण झाकण जास्त ओतणारे खूप आहेत. प्रमाण बरोबर असूनही प्लग तेलकट आणि धूर दाट असेल तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी तपासा. ती उतरत असेल तर क्लचच्या बाजूचा क्रँकचा ऑइल सील फाटलाय आणि इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. तिथे प्लग बदलत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक प्रकार होतो. गाडी चालता चालता एकदम बंद पडते आणि प्लग काढला तर दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा केसाएवढा पूल झालेला असतो. नखानं काढला की गाडी सुरू. बहुतेक वेळा ऑइलचं प्रमाण किंवा हलक्या प्रतीचं ऑइल हेच त्याचं कारण.

पांढराफटक, चकचकीत, बारीक फोड आलेला प्लग दिसला तर मात्र गाडी दामटवू नका. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, कुठून तरी फुकटची हवा शिरतेय, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलंय, किंवा प्लग फार गरम आहे. ह्यात आता पेट्रोलचीही भर पडली आहे. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच असतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्वीच्या पेट्रोलसाठी लावलेले कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तेवढेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं. असा पांढरा प्लग पाहून थंड प्लग घालणारे आहेत. रंग सुधारेल, पण मिश्रण पातळ ते पातळच राहील. तो प्रश्न कार्बोरेटरच्या सेटिंगचा आहे, तिथेच सोडवायला हवा.

गरम प्लग टाकावा का?

हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो: काळा पडतो ना, एक नंबर गरम टाका. त्याआधी प्लग गरम किंवा थंड असणं म्हणजे काय ते पाहू. त्याचा ठिणगीच्या ताकदीशी काही संबंध नाही. टोकाची उष्णता किती लवकर हेडकडे जाते एवढाच प्रश्न असतो. गरम प्लगचं चिनीमातीचं नाक लांब, त्यामुळे उष्णता सावकाश जाते. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं तर टोकच निखारा बनून ठिणगीआधी पेट्रोल पेटवायला लागतं आणि पिस्टन वितळेपर्यंत पाळी येते.

आता आपलं चालवणं बघा. घर ते बाजार, बाजार ते शाळा, दोन-तीन किलोमीटरचे हेलपाटे. रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे पुढे सरकणं. म्हापसा-पणजीला पायलटांच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या) गाड्या तर दिवसभर अशाच जवळच्या भाड्यांवर फिरतात. टोक ४५० अंशांवर जातच नाही. अशा गाडीला, इंजिन धडधाकट असेल आणि मिश्रण बरोबर असेल, तर एक पायरी गरम प्लग चालतो. एकच.

पण तीच गाडी शनिवारी दोघांना घेऊन चोर्ला घाट चढून बेळगावला जाणार असेल, तर तो गरम प्लग काढा. लांब चढावर भरल्या थ्रॉटलला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टोकाचं तापमान कुठल्या कुठे जातं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला भोक पडायला असा एक घाट पुरतो. माझ्या मते घाट करणाऱ्या गाडीनं पुस्तकातला नंबर सोडूच नये. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी हायवेला नेऊन वीस मिनिटं जरा मोकळी पळवा. हलकी काजळी तेवढ्यानंही जळते.

टोपी, वायर आणि ती छोटी घुंडी

पावसातले निम्मे ‘प्लग गेला’ हे प्रत्यक्षात टोपीचे (प्लगच्या डोक्यावर बसते ती) आणि वायरचे दोष असतात. समुद्राच्या हवेनं टोपीच्या आतली पितळी चकती हिरवी पडते. रबर कडक होऊन तडकतं, पाणी शिरतं आणि वीज टोकापर्यंत जाण्याऐवजी चिनीमातीच्या बाहेरून हेडमध्ये उतरते. तशी उतरली की पांढऱ्या भागावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ राहते. रेघ दिसली तर प्लग आणि टोपी दोन्ही बदला, कारण पुढच्या वेळी वीज तीच वाट धरते. कारच्या बाबतीत पावसाळी रात्री, दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. खराब वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात मात्र लांब ठेवा.

नव्या प्लगच्या डोक्यावर आट्यांवर फिरवलेली छोटी घुंडी असते, कधी ती पेटीत सुटी मिळते. बऱ्याच दुचाकींच्या टोपीला ती नको असते, कारच्या वायरीला लागते. जुन्या प्लगकडे बघून ठरवा आणि ठेवायची असेल तर पकडीनं घट्ट आवळा. नुसती हातानं फिरवलेली घुंडी सैल होते आणि गाडी खड्ड्यात मिसिंग करते. ह्या एवढ्याशा कारणासाठी कॉइल बदललेल्या गाड्या मी पाहिल्यात.

रेझिस्टरचंही पाहा. आरवाल्या प्लगमध्ये साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो, आणि पुष्कळ टोप्यांमध्येही तसाच एक असतो. पुस्तकात बिनरेझिस्टरचा प्लग दिला असेल, मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) जुना झाला असेल, आणि तुम्ही आरवाला प्लग रेझिस्टरच्या टोपीत घातला, तर अशक्त ठिणगी आणखी दबते. एमपीएफआय गाडीत उलट, तिथे आर हवाच. नाहीतर ठिणगीच्या लहरी कॉम्प्युटरच्या कामात अडथळा आणतात.

गॅप, आणि इरिडियमचा मोह

नवा प्लग पेटीतून काढून थेट बसवू नका. पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कानं ठिणगी पाडणाऱ्या) जुन्या इग्निशनला साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप लागते, इलेक्ट्रॉनिकवाल्या कारना १ मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा पुस्तकातला घ्या. एनजीकेच्या नंबरशेवटी ११ असेल तर तो कारखान्यातच १.१ मिलिमीटरला लावलेला असतो. जुन्या अशक्त कॉइलला ती उडी झेपत नाही आणि थंड, दमट सकाळी गाडी रुसते. फिलर गेज घ्या, वाकवायचं ते बाजूचं टोक. मधल्या टोकावर जोर दिला तर चिनीमातीला न दिसणारी चीर जाते.

इरिडियम प्लगचं मधलं टोक अगदी बारीक असतं, त्यामुळे कमी दाबाच्या विजेतही ठिणगी पडते आणि आयुष्य खूप मोठं. गाडी तब्येतीनं ठणठणीत असेल तर जरूर घ्या. पण ऑइल खाणाऱ्या इंजिनात तोही काळाच पडतो, आणि त्याला तारेच्या ब्रशनं घासता येत नाही, टोक खराब होतं. दर पावसाळ्यात प्लग काढून साफ करावा लागणाऱ्या गाडीत साधा प्लगच बरा.

बनावट मालापासून सावध राहा. अक्षरं पुसट किंवा तिरकी, आटे खरखरीत, बाजूचं टोक मधल्यावर नीट न आलेलं, आणि वॉशर प्लग उलटा करताच गळून पडणारा, असला प्लग परत करा.

बसवताना

इंजिन थंड असू द्या. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर आटे ओरबाडतात. काढण्याआधी प्लगच्या खळग्यातली माती हवेनं उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. आधी हातानंच फिरवा, तीन-चार वेढे सहज गेले पाहिजेत. हाताचं काम संपलं की १४ मिलिमीटरच्या नव्या प्लगला प्लगपान्यानं साधारण अर्धा वेढा, म्हणजे वॉशर दबतो तेवढाच. वापरलेला प्लग परत बसवताना त्याहून बराच कमी, कारण वॉशर आधीच चेपलेला असतो. आट्यांना ग्रीस फासायची पद्धत आहे, पण नव्या प्लगवर मुलामा असतो आणि ग्रीसमुळे हाताला अंदाज न येता प्लग जास्त आवळला जातो. कोरडाच बसवा.

ठिणगी तपासायची असेल तर प्लगची धातूची बाजू हेडला घट्ट टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) गाडीत प्लग अर्थ न करता, म्हणजे हेडला न टेकवता, किक मारू नका. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आत ती पडतेच असं समजू नका. कॉम्प्रेशनखाली तिला जास्त ताकद लागते. जाड, निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक असेल तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सरकडे वळा. दुचाकीच्या तांब्याच्या वायरीचं टोक पाचेक मिलिमीटर कापून टोपी नव्यानं फिरवून बसवा, बऱ्याचदा तिथला गंजच आड येत असतो.

नंबर बरोबर, गॅप बरोबर, फिल्टर स्वच्छ, चोक मोकळा, टोपी कोरडी, आणि तरीही ठरावीक एकाच सिलिंडरचा प्लग काळा निघत असेल, तर शेजारच्या सिलिंडरचा प्लग त्यात घालून आठवडाभर चालवा. काळेपण प्लगबरोबर गेलं तर प्लग खराब. जागेवरच राहिलं तर आधी त्या सिलिंडरची वायर बदलून पाहा, मग कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकदा कोरडं आणि एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून. ऑइलनंतर आकडा चांगला वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह.